शेतीच्या पाण्यावर संशोधन करायचे आहे? सुरुवात कुठून करावी

कृषी, कृषी अभियांत्रिकी, स्थापत्य, भूगोल, भूशास्त्र, अर्थशास्त्र, कशातही पदवी घेतलेली आणि "पाण्यावर काहीतरी काम करायचंय" एवढेच ठरवलेली मुलेमुली मला दरवर्षी भेटतात. पहिला प्रश्न बहुधा "प्रवेश कुठे घेऊ?" हा असतो. मी जिरायती गावातून येऊन याच रस्त्याने पीएच.डी.पर्यंत गेले, आणि माझे ठाम मत आहे की प्रवेशाचा विचार नंतर करावा. आधी प्रश्न हवा आणि पाणी मोजता यायला हवे. क्रम उलटा झाला की मार्गदर्शकाकडे शिल्लक असलेला विषय आपला होतो. मग दोन हंगाम वाफ्यांत घालवूनही आपण काय शोधले हे गावातल्या माणसाला सांगता येत नाही.

पुढचे टप्पे महाराष्ट्रात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी आहेत. बाहेर शिकायला जाणाऱ्यांनाही पहिले तीन टप्पे तसेच लागू पडतील.

१. प्रश्न निवडा आणि पाण्याची हद्द ठरवा

कृषी विद्यापीठांचे जुने प्रबंध उघडून पाहा. एका ठरावीक साच्याची कामे भरपूर दिसतील: अमुक पीक, ठिबक, बाष्पपर्णोत्सर्जनाच्या (जमिनीतून आणि पानांतून हवेत जाणाऱ्या पाण्याच्या) ६०, ८० आणि १०० टक्के पाणी, उत्पादनाची तुलना. ही कामे गरजेची होती, आजच्या शिफारशी त्यांवरच उभ्या आहेत. पण कांदा, टोमॅटो, ऊस, कापूस, डाळिंब या पिकांवर ती पुष्कळ झाली आहेत. नव्या माणसाने त्यातच आणखी एक भर घालण्याआधी थांबून विचार करावा.

खरे अनुत्तरित प्रश्न शेताच्या बांधापलीकडे आहेत. एक उदाहरण घ्या. विहिरीवर दोन एकर कांदा पाटपाण्याने भिजवणारा शेतकरी ठिबक करतो. मोटर कमी तास चालते आणि विहिरीत पाणी उरते. पुढच्या वर्षी तो त्याच पाण्यावर आणखी दीड एकर डाळिंब लावतो. त्याचे उत्पन्न वाढले, ते वाढायलाच हवे होते. पण विहिरीतून उपसा पूर्वीइतकाच राहिला. शिवाय पाटपाण्यातून जे झिरपून खाली जात होते, शेजाऱ्याच्या विहिरीत उतरत होते, ते आता पिकाच्या पानांतून हवेत जाते. शेताच्या हद्दीत पाणी वाचले, पाणलोटाच्या (जिथले पाणी एकाच ओढ्याला मिळते त्या सगळ्या क्षेत्राच्या) हद्दीत मात्र ते कमी झाले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. म्हणून "बचत" हा शब्द लिहिण्याआधी कोणत्या हद्दीतली बचत ते लिहायची सवय लावा. माझ्या मते या क्षेत्रात शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

सध्या काम करायला वाव असलेले काही विषय असे:

*शेततळी.* ३० × ३० × ३ मीटरच्या, १:१ उताराच्या शेततळ्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. मूळ कल्पना पावसाचा अपधाव, म्हणजे वाहून जाणारे पाणी, अडवण्याची. प्रत्यक्षात प्लास्टिकचे अस्तर घातलेली अनेक तळी विहिरीतून किंवा बोअरमधून उपसून भरली जातात, म्हणजे सावलीतले पाणी उन्हात आणले जाते. भरलेल्या तळ्यातून रोज ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरले तर ९०० चौरस मीटर पृष्ठभागावरून १०० दिवसांत ४५० घनमीटर पाणी उडते, तळ्याचा पाचवा हिस्सा. तरीही फळबागेवाल्यासाठी ते तळे उन्हाळ्याची हमी असते. एका गावात किती तळी आहेत, कशाने भरतात, शेजारच्या विहिरींवर काय परिणाम होतो, हा एम.टेक.ला पुरून उरेल असा विषय आहे.

*वीज आणि सौर पंप.* २०२४ पासून राज्यात ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत विजेची योजना आहे, आणि सौर पंपही झपाट्याने बसत आहेत. दिवसा पाणी देता येणे ही शेतकऱ्यासाठी, विशेषतः रात्री दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जाणाऱ्या बायकांसाठी, मोठी सुटका आहे. त्यामुळे उपसा वाढतो, तेवढाच राहतो की पीकपद्धत बदलते? उत्तर जिल्ह्यागणिक वेगळे निघेल, कारण खालचा खडक वेगळा आहे. इथे तरुण संशोधकांची फार गरज आहे.

*कालव्याचे शेपूट.* महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम २००५ मध्ये आला. पाणीवापर संस्थांना पाणी घनमापन पद्धतीने मोजून द्यावे ही त्याची गाभ्याची कल्पना. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड प्रकल्पावर संस्थांनी एकत्र येऊन प्रकल्पस्तरापर्यंतचे व्यवस्थापन हाती घेतले. दुसरीकडे कित्येक संस्था कागदावर राहिल्या. एका मायनरच्या (कालव्याच्या छोट्या फाट्याच्या) मुखापाशी आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, एकाच आवर्तनात (कालवा सुटण्याच्या एका फेरीत) किती पाणी पोहोचले, एवढे नीट मोजलेले कामही दुर्मिळ आहे.

*क्षारपड आणि खारे पाणी.* शिरोळ, मिरज, वाळवा भागातल्या क्षारपड जमिनी, किंवा अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णेचा खारपाणपट्टा. माती आणि पाणी दोन्हींत गोडी असणाऱ्यांनी इथे यावे.

*गावाचा ताळेबंद.* हिवरे बाजारने पाऊस मोजून पिके ठरवण्याची पद्धत बसवली. केंद्राच्या अटल भूजल योजनेत आणि राज्याच्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पात गावोगावचे पाण्याचे ताळेबंद, म्हणजे जमाखर्च, तयार झाले. हे ताळेबंद प्रत्यक्षाशी किती जुळतात आणि त्यानंतर पिके बदलली का, हे तपासणे हे स्वतंत्र संशोधन आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही.

प्रश्न एका वाक्यात लिहा. त्यात जागा, पीक किंवा साधन, कालावधी आणि हद्द या चारही गोष्टी आल्या पाहिजेत. "महाराष्ट्रातील शाश्वत सिंचन" हा प्रश्न नाही. "अमुक पाणलोटात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात शेततळी भरल्याने २५० मीटरच्या आतील विहिरींची पातळी इतर विहिरींपेक्षा लवकर उतरते का?" हा प्रश्न आहे.

२. वाचन: थोडे, पण योग्य ठिकाणचे

कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या संग्रहात आणि इतर विद्यापीठांचे 'शोधगंगा'वर मोफत मिळतात. आपल्या तालुक्याचे नाव घालून शोधा. जुन्या प्रबंधांतल्या विहिरींच्या आणि जमिनीच्या नोंदी आज तुलनेला सोन्यासारख्या आहेत.

पिकाच्या पाण्याच्या गरजेसाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेची १९९८ ची ५६ क्रमांकाची पुस्तिका वाचाच. पेनमन-माँटिथ समीकरणाचे (हवामानावरून बाष्पपर्णोत्सर्जन काढण्याच्या सूत्राचे) प्रमाणित रूप आणि पिकानुसार त्याला गुणायचे पीक गुणांक तिथे एकत्र मिळतात. राज्याचे चित्र समजायला १९९९ चा महाराष्ट्र जल व सिंचन आयोगाचा, म्हणजे चितळे आयोगाचा अहवाल घ्या. तो अवाढव्य आहे. आपल्या खोऱ्याचा भाग आधी वाचा.

३. मोजायला शिका

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ मागतो. प्रवेश मिळायच्या आधीच, घरी असताना, तो सुरू करता येतो.

*पंपाचा प्रवाह.* २०० लिटरचा ड्रम आणि मोबाईलवरचे स्टॉपवॉच पुरे. ड्रम ४० सेकंदांत भरला तर प्रवाह सेकंदाला ५ लिटर. तासाला १८,००० लिटर. एका एकरावर (४,०४७ चौरस मीटर) हे पाणी पसरले तर साधारण ४.४ मिलिमीटर होते. शेतकरी "सहा तास मोटर चालली" म्हणाला की तुम्हाला २७ मिलिमीटर ऐकू आले पाहिजे. लक्षात ठेवायचे एकच रूपांतर: एका हेक्टरवर १ मिलिमीटर म्हणजे १० घनमीटर. प्रवाह हंगामात एकदाच मोजून भागत नाही. विहीर उतरली की उचल वाढते, प्रवाह घटतो, आणि कमी दाबाच्या विजेवर तो आणखी घटतो. निदान हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोजा.

मोटर किती तास चालली याची नोंद आठवणीवर सोडू नका. शेतकऱ्याच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे तास लिहायला सांगा आणि दर पंधरा दिवसांनी त्याचा फोटो घ्या. घरातल्या शाळकरी मुलामुलीला हे काम दिले तर ते सर्वात चोख होते.

*चारीतला प्रवाह.* ९० अंशांची व्ही-खाच असलेला पत्रा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घेता येतो. खाचेच्या तळापासून पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यायची, तिचा २.५ वा घात करायचा आणि ०.०१३८ ने गुणायचे. उत्तर लिटर प्रति सेकंद. उंची १० सेंटिमीटर असेल तर ४.३६ लिटर, १५ असेल तर १२ लिटर. उंची खाचेच्या तोंडाशी घेऊ नका, तिथे पाणी खाली वाकलेले असते. उंचीच्या चौपट अंतर मागे जाऊन घ्या. १० च्या जागी ११ वाचले तर प्रवाह २७ टक्के जास्त निघतो, म्हणून पट्टी पक्की बसवा. पत्र्याच्या खालून किंवा बाजूने पाणी गळत असेल तर ते मोजमाप सोडून द्या.

*विहिरीची पातळी.* कठड्यावर ऑईल पेंटने एक खूण करा आणि दरवेळी तिथूनच वजन लावलेली टेप सोडा. कठड्याची उंची वजा करून जमिनीपासूनची खोली लिहा. "पहाटे पंप बंद असताना मोजा" असा सल्ला सगळे देतात, पण तो अपुरा आहे. कृषिपंपांची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असते. रात्रीच्या पाळीनंतर पहाटे मोजलेली पातळी ही विश्रांतीची पातळी नसते, उलट उपशानंतरची सर्वात खालची असते. म्हणून पातळीसोबत त्या आठवड्याचे विजेचे वेळापत्रक आणि शेवटी मोटर कधी बंद झाली तेही लिहा. विहीर पुन्हा किती वेळात भरते याची एक नोंद प्रत्येक विहिरीसाठी घेऊन ठेवा.

*पातळीवरून पाणी काढताना.* महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग बेसॉल्टचा, काळ्या पाषाणाचा. झिजलेल्या बेसॉल्टचा विशिष्ट जलउतारा (खडकाच्या आकारमानापैकी जेवढे पाणी बाहेर निघू शकते तो हिस्सा) भूजल मूल्यांकनात साधारण १ ते ३ टक्के धरतात. १०० हेक्टरवर पातळी १ मीटरने वाढली तर २ टक्क्यांनी २०,००० घनमीटर पाणी आले. एका हेक्टरला ६ सेंटिमीटरची एक पाळी (एका वेळचे पाणी) म्हणजे ६०० घनमीटर, म्हणजे हे सगळे पाणी ३३ हेक्टरला एक पाळी देऊन संपते. गाळाच्या मैदानांचे आकडे पुस्तकातून उचलून २० टक्के लावले की हेच उत्तर दहापट होते, आणि गावाला "भरपूर पाणी आहे" असे सांगितले जाते. ही चूक कागदावर दिसत नाही, मार्चमध्ये विहिरीच्या तळाशी दिसते.

*जमिनीतला ओलावा.* नमुना घेऊन १०५ अंश सेल्सिअसला २४ तास वाळवायचा आणि वजनातला फरक काढायचा, ही जुनी पद्धत आधी शिका. मगच संवेदकांकडे वळा. काळी जमीन सुकली की भेगाळते. टेन्शिओमीटरभोवती (माती पाणी किती ताणून धरते ते मोजणाऱ्या नळीभोवती) हवा शिरते आणि तो चुकीचे वाचन देतो. तसाही तो साधारण ८० सेंटिबारपर्यंतच चालतो. बाजारात मिळणारे संवेदक आपल्याच शेतातल्या मातीवर, आपल्याच भट्टीतल्या नमुन्यांशी ताडून घेतल्याशिवाय वापरू नका.

४. तयार माहिती कुठून घ्यावी

पाऊस: हवामान खात्याची ०.२५ अंशांच्या चौकटींतली दैनंदिन मालिका १९०१ पासून आहे. पण एक चौकट २५ किलोमीटरहून मोठी, तिच्यात तालुक्याचा मोठा भाग बसतो. महसूल मंडळनिहाय आकडे कृषी विभागाच्या 'महारेन'वर मिळतात. गावात एक साधे पर्जन्यमापक बसवा. मंडळात ४० मिलिमीटर आणि गावात कोरडे, असे दिवस तुम्हाला लवकरच भेटतील.

भूजल: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने राज्य दीड हजारांहून अधिक पाणलोटांत विभागले आहे आणि निरीक्षण विहिरींच्या नोंदी वर्षातून ठरावीक वेळा घेतल्या जातात. आपल्या गावाचा पाणलोट क्रमांक माहीत करून घ्या आणि जिल्हा कार्यालयात संस्थेचे पत्र घेऊन जा.

धरणे आणि कालवे: जलसंपदा विभागाचे जललेखा, स्थिरचिन्हांकन (बेंचमार्किंग) आणि सिंचन स्थितिदर्शक अहवाल. वाचताना निर्मित सिंचन क्षमता आणि प्रत्यक्ष सिंचित क्षेत्र वेगळे ठेवा. सिंचित क्षेत्रातले कालव्यावरचे किती आणि लाभक्षेत्रातल्या विहिरींवरचे किती, हेही वेगळे काढा. या दोन गोष्टींची सरमिसळ झालेले लेख तुम्हाला खूप सापडतील.

पिके: २०२१ पासून ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकांची नोंद, आहे. तिला उपग्रहाची जोड द्या. सेंटिनेल-२ ची चित्रे १० मीटरची, दर ५ दिवसांनी, मोफत मिळतात. खरिपात ढगांमुळे ती कामी येत नाहीत, तेव्हा सेंटिनेल-१ चे रडार वापरा. बाष्पपर्णोत्सर्जनासाठी लँडसॅटचे औष्णिक पट्टे लागतात. तिथे आपली गुंठ्यांतली शेते आणि मोठा पिक्सेल यांचा मेळ बसत नाही, हे लक्षात ठेवून निष्कर्ष काढा.

संगणकाची साधने मोफत आहेत: नकाशांसाठी क्यूजीआयएस, पिकाच्या गरजेसाठी क्रॉपवॉट, उत्पादनाच्या अंदाजासाठी ॲक्वाक्रॉप, पाणलोटासाठी स्वॅट. स्वॅट सर्वात शेवटी शिका. मोजलेला प्रवाह हाताशी नसेल तर त्याचे रंगीत नकाशे काहीही सिद्ध करत नाहीत.

५. संस्था आणि प्रवेशाचे दरवाजे

राज्यातली चार कृषी विद्यापीठे: राहुरी, अकोला, परभणी, दापोली. राहुरीला सिंचन व निचरा अभियांत्रिकीबरोबर जलसिंचन व्यवस्थापनाचा आंतरविद्या विभागही आहे, आणि 'फुले जल', 'फुले इरिगेशन शेड्युलर' ही मोबाईल साधने तिथलीच. परभणीलाही अखिल भारतीय समन्वित सिंचन जल व्यवस्थापन प्रकल्पाचे केंद्र आहे. खारपाणपट्ट्यासाठी अकोला जवळचे. भरपूर पाऊस पडूनही उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या जांभ्या जमिनीसाठी दापोली. कोकण विजय बंधारा दापोलीचाच.

यांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा असते, आणि काही जागा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेतून भरल्या जातात. दुसऱ्या मार्गाने दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या जल तंत्रज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी जाता येते. अभियांत्रिकीवाल्यांनी गेट ही एम.टेक.ची राष्ट्रीय प्रवेशपरीक्षा द्यावी. कृषी अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे, आणि खरगपूर व रुरकीचे विभाग जुने आणि भक्कम आहेत. आयआयटी मुंबईचे ग्रामीण तंत्रज्ञानाचे 'सितारा' (सीटीएआरए) केंद्र गावात जाऊन काम करायला लावते. पोकराच्या ताळेबंदाचे गणित आयआयटी मुंबईचेच. समाजशास्त्र, कायदा, धोरण यांत रस असेल तर टाटा समाजविज्ञान संस्था पाहा.

बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. पिकानुसार पाहिले तर सोलापूरला डाळिंब, मांजरीला द्राक्ष आणि ऊस, राजगुरुनगरला कांदा, नागपूरला कापूस आणि लिंबूवर्गीय फळे. या संस्थांत प्रकल्पांवर तात्पुरत्या संशोधन सहायकांच्या जागा निघतात. एम.टेक. आणि पीएच.डी.च्या मधले वर्ष तिथे काढणे मला उपयोगाचे वाटते.

पुण्यातल्या सोपेकॉम, ॲक्वाडॅम, वॉटर (डब्ल्यूओटीआर) या पाण्यावर काम करणाऱ्या संस्था प्रशिक्षण आणि क्षेत्रकामासाठी उत्तम आहेत. खडक वाचायला ज्यांना कोणी शिकवलेले नाही त्यांनी भूजलाचे एखादे प्रशिक्षण घ्यावेच. सिंचन प्रशासन समजून घ्यायला छत्रपती संभाजीनगरची वाल्मी (जल व भूमी व्यवस्थापन संस्था) आहे. परदेशात नेदरलँड्समधली डेल्फ्ट आणि वागेनिंगेन ही नावे आधी येतात. पण तिकडे जाताना स्वतः मोजलेली माहिती हातात असलेला विद्यार्थी वेगळा दिसतो.

परीक्षांच्या तारखा, पात्रता आणि राखीव जागांचे नियम बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका डाउनलोड करून स्वतः वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा गेल्या वर्षीचा तक्ता वापरू नका.

६. पैसे

गेटवर एम.टेक.ला प्रवेश घेतला तर महिना १२,४०० रुपये. यूजीसी किंवा सीएसआयआर नेटची कनिष्ठ शिष्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००. जून २०२४ पासून यूजीसी नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात, त्यामुळे ही परीक्षा टाळू नका. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आपापल्या गटांतल्या पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. या जाहिराती अचानक येतात आणि मुदत थोडी असते. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेअर आधीच तयार ठेवलेल्यांनाच वेळेत अर्ज करता येतो.

शिष्यवृत्ती महिनोन्महिने थकू शकते. हे गृहीत धरून क्षेत्रकामाचे गाव निवडा, जिथे एसटीने जाता येईल आणि एखाद्या घरी राहता येईल.

७. मार्गदर्शकाला पत्र

"सर, मला आपल्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. करण्याची इच्छा आहे" एवढ्याच पत्राला उत्तर येत नाही. पत्र असे असावे:

"नमस्कार. मी कृषी अभियांत्रिकीची पदवीधर आहे. आमच्या गावातील बारा विहिरींची पातळी गेल्या जूनपासून दर पंधरा दिवसांनी नोंदवत आहे. शेततळी भरण्याच्या काळात तळ्यांजवळच्या विहिरी लवकर उतरतात का, हा माझा प्रश्न आहे. आपल्या विभागातील भूजल पुनर्भरणावरील दोन प्रबंध वाचले. त्यांत उपशाची मोजणी नाही, ती मी पंपाच्या तासांवरून करू पाहत आहे. नोंदींचा तक्ता आणि गावाचा नकाशा सोबत जोडला आहे. भेटीसाठी अर्धा तास मिळेल का?"

बस, एवढेच. तक्ता एका पानाचा असावा. आठवड्याने एक आठवण करा. तरीही उत्तर नाही आले तर दुसऱ्या दारी जा.

होकार देण्याआधी त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी बोला: प्रबंध किती वर्षांत झाला, क्षेत्रकामाला सोडतात का, शोधनिबंधावर नाव कुणाचे आधी असते. हे विचारण्यात कोणताही आगाऊपणा नाही.

८. कागदपत्रे आणि साहित्य

प्रवेशासाठी: सर्व गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र, अधिवास, जातीचा दाखला व पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला, परीक्षेचे गुणपत्रक, आधारशी जोडलेले बँक खाते, दोन शिफारसपत्रे, दोन-तीन पानांचा संशोधन आराखडा. गुणपत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव एकसारखे करून घ्या. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींची सर्वाधिक अडवणूक इथेच होते.

क्षेत्रकामासाठी: संस्थेचे ओळखपत्र आणि ग्रामपंचायतीच्या नावे पत्र, गाव नकाशा, वजन लावलेली ३० मीटरची टेप, ड्रम, व्ही-खाचेचा पत्रा, माती काढायचा ऑगर, झाकणाच्या ॲल्युमिनियमच्या डब्या, पर्जन्यमापक, जाड पुठ्ठ्याची वही आणि पेन्सिल. पावसात शाई पसरते.

९. गावात वावरताना

सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे तोच पाणी देतो असे समजू नका. जमीन वाट्याने दिलेली असते, किंवा मालक पुण्यात आणि पाणी देणारी त्याची भावजय असते. "पाणी कोण धरतं?" हा प्रश्न पहिला विचारा आणि त्या माणसाशी बोला. बाईशी बोलायचे तर दुपारी, ती शेतावर असताना. घरी गेलात तर उत्तरे पुरुष देतात.

बोअर किती, किती फूट खोल, याची खरी उत्तरे पहिल्या भेटीत मिळणार नाहीत, आणि त्यात गैर काही नाही. नोंदणी, कर, कारवाई यांची भीती असते. नोंदी कशासाठी, कुणाला दिसणार, नावे छापणार नाही, हे आधी सांगा आणि पाळा. गट क्रमांकासह विहिरींचा नकाशा कुठेही प्रसिद्ध करू नका.

अनुदानाचे आश्वासन कधीही देऊ नका. "साहेब, ठिबकचं आमचं कधी येणार?" असे विचारले तर आपण त्या खात्याचे नाही हे स्पष्ट सांगा आणि अर्ज कुठे करायचा ते माहीत असेल तर दाखवा.

१०. पाण्याच्या वर्षाप्रमाणे वेळापत्रक

जलवर्ष १ जून ते ३१ मे. विद्यापीठाचे सत्र काहीही म्हणो, तुमचे काम या वर्षाला बांधा. एकाच वर्षाच्या नोंदींवर मोठे विधान करू नका. २०१८ मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होते. यांपैकी एकाच वर्षात मोजणी केलेल्याचा निष्कर्ष दुसऱ्या वर्षात टिकला नसता. निदान दोन पावसाळे धरा, आणि मधल्या काळासाठी उपग्रह व निरीक्षण विहिरींच्या जुन्या मालिका वापरा.

एप्रिल-मे: गाव ठरवणे, विहिरी-बोअर-शेततळ्यांची यादी, कठड्यांवर खुणा, उन्हाळ्यातली सर्वात खालची पातळी. ही पातळी चुकली तर वर्ष वाया जाते.

जून ते सप्टेंबर: पर्जन्यमापक रोज सकाळी साडेआठला, विहिरी पंधरवड्याला, खरिपाच्या पिकांचा नकाशा. पावसाचा खंड पडला की संरक्षित पाणी कोण देतो ते लिहा.

ऑक्टोबर: पावसाळ्यानंतरची सर्वात वरची पातळी, पंपांचे प्रवाह, शेततळी भरायला सुरुवात. याच सुमारास कालवा सल्लागार समितीच्या बैठका होतात. रब्बीची आवर्तने किती आणि कधी, ते शाखा कार्यालयातून घ्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी: पंपाचे तास, कालव्याच्या पाळ्या, ओलाव्याचे नमुने. सर्वाधिक कष्टाचे महिने. या काळात परीक्षा किंवा परिषदा शक्यतो घेऊ नका.

मार्च: विहिरी सर्वात वेगाने उतरतात, तेव्हा मोजणी आठवड्याला करा. प्रवाह पुन्हा एकदा मोजा. महिनाअखेरीस गावात बसून नोंदी वाचून दाखवा. "माझी विहीर फेब्रुवारीतच बसली होती, तुम्ही मार्च लिहिलंय" अशा दुरुस्त्या तिथेच मिळतात. त्या वहीत वेगळ्या रंगाने घ्या, मूळ आकडा खोडू नका, आणि त्याच आठवड्यात सगळ्या पानांचे फोटो दोन ठिकाणी जतन करा.